हौदात कोण उतरणार

रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत नमिता म्हात्रे पॅकिंगची सुपरवायझर होती. पेणहून रोज एसटीने यायची. वय सव्वीस, आणि हाताखालची माणसं तिच्या आईच्या वयाची. त्यांची भांडणं मिटवता मिटवता ती मेटाकुटीला यायची. बायजाबाई कुणाचं ऐकायची नाही. निडीहून येणारी मालू हातापेक्षा तोंड जास्त चालवायची. केरू सगळ्यांवर संशय घ्यायचा, अगदी वजनकाट्यावरसुद्धा. पुतळी तेवढी गप्प. जवळच्या वरसे गावात दिलेली, चाळिशीकडे झुकलेली बाई. सांगितलेलं काम करायची आणि भोंगा झाला की पदर झटकून निघायची.

शहाण्णव सालच्या पावसाळ्यानंतर नवे मॅनेजर आले, दिघे साहेब. मुंबईला कसलंसं शिबिर करून आले होते. त्यांनी नमिताला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला.

"माणसं चार प्रकारची असतात, नमिता. वाघ, मोर, घुबड आणि गाय. वाघाला अधिकार लागतो. मोराला कौतुक. घुबडाला आतली बातमी. गाईला काही लागत नाही, फक्त हाकणारा लागतो. एकदा ओळखलं, की भांडण म्हणून राहत नाही."

नमिताला ते पटलं, कारण ते चाललंही. बायजाबाईला मुकादम केल्यावर तिचा आवाज साहेबांच्या बाजूने लागायला लागला. मालूचं चारचौघांत नाव घेतलं की ती दुपटीने पुडे भरायची. केरूला साहेब मधूनमधून बाजूला घेऊन काहीतरी कानात सांगायचे. मग तोही आपणहून इकडचं तिकडे सांगू लागला. खात्यात शांतता झाली. नमिताला रात्री झोप लागू लागली.

राहिली पुतळी. तिला मागचा हौद मिळाला.

कारखाना धुतल्याचं सगळं पाणी त्या हौदात जमायचं आणि तळाशी जांभळट काळा गाळ बसायचा. सडक्या अंड्यासारखा वास यायचा. आत उतरून तो फावड्याने घमेल्यात भरून वर द्यावा लागे. आधी हे काम पाळीपाळीने व्हायचं आणि दर पाळीला भांडण व्हायचं. दिघे साहेबांनी ते भांडणच संपवलं.

"ती नाही म्हणत नाही ना? मग झालं तर," ते म्हणाले आणि रुमाल नाकाला लावून निघून गेले.

दिवाळीच्या सुमारास नमिताला पुतळी नळाशी ओकताना दिसली. दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळे, नखांभोवतीची कातडी फाटलेली. त्याच हातांनी तिने चूळ भरली.

"पुतळी, अगं, बोलली का नाहीस?"

"कोनाला?" पुतळी म्हणाली. मग फावडं घेऊन मागे गेली.

त्या दिवशी नमिताला डबा उघडवेना. ती साहेबांकडे गेली. म्हणाली, पुन्हा पाळ्या लावू या. दिघे हसले, चहा मागवला.

"परत भांडणं सुरू होतील. इतकं छान चाललंय. वरच्या मीटिंगमध्ये मी तुमचं नाव घेतलं, माहितीये? असं खातं मी पाहिलं नाही, म्हटलं."

नमिताला बरं वाटलं. बाहेर येऊन जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की आपण गेलो होतो पुतळीचं बोलायला आणि परत आलो ते आपलं कौतुक ऐकून. मालूला जे मिळतं तेच आपल्यालाही मिळालं होतं. चहासकट. 

पुढच्या आठवड्यात पुतळी आलीच नाही. हौद भरून वाहायला लागला. माहेरी गेली, असा निरोप मिळाला. पेणच्या खाडीकडचं गाव.

"तुमच्या वाटेवरच आहे ना? घेऊन या," दिघे म्हणाले. "दावं ओढलं की येईल."

हे शब्द त्यांनी सहज उच्चारले, स्टोअरमधून दोरा आणायला सांगावं तसे.

नमिता रविवारी गेली. उधाणाने गावाचा बांध फुटला होता आणि खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरत होतं. ओहोटी होती तेवढ्यात भगदाड बुजवायचं होतं. सगळा गाव चिखलात, माणसांची रांग लावून चिखलाची ढेकळं हातोहात पुढे जात होती. रांगेच्या तोंडाशी कमरेएवढ्या पाण्यात एक बाई उभी होती आणि तिचा आवाज पार मिठागरापर्यंत जात होता.

"गुणाजी, तिकडं नको टाकू, पानी खालून येतं. काशीबाय, पोरांना मागं घे गो. पेंढा आना आदी, पेंढा."

ती पुतळी होती. दांडगे गडी तिचं निमूट ऐकत होते.

भगदाड बुजल्यावर ती पाय धुऊन बांधावर येऊन बसली. नमिता शेजारी बसली. 

"कंपनीत तू अशी नसतेस," ती म्हणाली.

"हितं बांध माझ्या बापाचा हाय," पुतळी म्हणाली. "थितं माझा दीर कंपनीच्या कंत्राटदाराकडं हाय, नवरा पन त्याच्याच हाताखाली. मी तोंड उघाडला तर तिघांची कामा जातील. म्हनून गप."

"साहेब म्हणतात, तुझा स्वभावच तसा आहे."

पुतळीने खाडीकडे बघितलं आणि बाजूला थुंकली.

"ताय, मी त्या हौदात नाय उतरनार आता. काम गेलं तर जाऊ दे. नवऱ्याला सांगून आलीय."

सोमवारी दोघी केबिनमध्ये गेल्या. पुतळीने तेच वाक्य सांगितलं, आवाज न चढवता.  दिघे साहेबांचा चेहरा उजळला.

"बघा नमिता, आपला अंदाजच चुकला. ही वाघ आहे." आणि पुतळीकडे वळून, "बाई, उद्यापासून हौदाच्या मुकादम तुम्ही. कुणाला उतरवायचं ते तुम्ही ठरवा."

नमिताला वाटलं, निदान क्षणभर तरी तो माणूस ओशाळेल. तो बशीतलं बिस्किट उचलून चहात बुडवत होता.

"मी उतरनार नाय, नि दुसऱ्याला उतरवनार पन नाय," पुतळी म्हणाली.

"मीही कुणाला सांगणार नाही," नमिता म्हणाली. "साहेब, तुम्हीच सांगा."

दिघ्यांनी बायजाबाईला सांगून पाहिलं. मुकादम असूनही तिला कुणाला उतरवता येईना, आणि स्वतः उतरायचं म्हटल्यावर बायजाबाईने असा आवाज लावला की तो ऑफिसभर ऐकू गेला. मालूला गोड बोलून पाहिलं. ती हसली आणि निडीची गाडी गाठायला निघून गेली. केरू म्हणाला, त्या गाळात काय असतं ते आधी कागदावर लिहून द्या. हौदातलं पाणी आवारात पसरलं, वास साहेबांच्या खिडकीपर्यंत आला. मग चौथ्या दिवशी साहेबांनी मागवलेला टँकर नागोठण्याहून आला. त्याने जाड नळी आत सोडली आणि जेवणाच्या सुट्टीआधी सगळा गाळ ओढून घेतला.

टँकर पहिल्यापासून नागोठण्यातच होता. नमिता रिकाम्या हौदाच्या काठाशी उभी राहून आत बघत राहिली.

पुतळीचं काम गेलं नाही, मात्र दिराने तिच्याशी बोलणं टाकलं. दिघे साहेबांची वर्षभरात मोठ्या कारखान्यावर बढती झाली. निरोपाच्या भाषणात त्यांनी टँकरचा उल्लेख केला, आपल्याच कल्पकतेचा म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खात्यात पुन्हा भांडणं सुरू झाली. बायजाबाई नमिताच्या अंगावर येते, कौतुक आटल्यामुळे मालू फुगून बसते. बाकीच्या कामांच्या पाळ्या लावताना नमिताचं डोकं दुखतं, पण ती लावते आणि प्रत्येकाला आधी विचारते. एक गोष्ट मात्र तिच्यातून गेली नाही. पिंकी नावाची नवी मुलगी कामावर आली, खाली मान घालून दारात उभी राहिली, आणि नमिताच्या मनाने तिची विचारपूस करण्याआधीच तिला एका जनावराचं नाव देऊन टाकलं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"ये, बस," ती म्हणाली. "याआधी काय काम केलंस?"

मुलगी बसली आणि हळूहळू सांगू लागली.