रोंडाहून परतीची गाडी

डॉक्टर शशिधर मोकाशींनी स्पेनमधल्या एका दिवसासाठी जेवढी तयारी चालवली होती, तेवढी त्यांनी लेकीच्या लग्नातसुद्धा केली नव्हती. मँचेस्टरच्या त्यांच्या घरातलं जेवणाचं टेबल तीन आठवडे नकाशांनी भरलेलं होतं. वर लायब्ररीतून आणलेलं युरोपातल्या गाड्यांचं जाडजूड लाल वेळापत्रक, दोन पट्ट्या, तीन रंगांची पेनं आणि डॉक्टरांची कच्ची वही. नवराबायको स्वयंपाकघरात, ओट्याशी स्टुलांवर बसून जेवत होती.

ब्याण्णव सालचा सप्टेंबर चालू होता. ऑक्टोबरात दोघं एका आठवड्यासाठी स्पेनच्या किनाऱ्यावरच्या तोरेमोलिनोसला जाणार होती. विमान, हॉटेल, नाश्ता, सगळं एजंटनं बांधून दिलेलं. काळजी करावी असं त्यात काहीच नव्हतं. पण डॉक्टरांनी त्यातला एक दिवस स्वतःकडे राखून ठेवला होता. शुक्रवार, नऊ ऑक्टोबर. त्या दिवशी सकाळी मालागाला जायचं, तिथून बोबादिया नावाच्या जंक्शनला, तिथं गाडी बदलून डोंगरातल्या रोंडा गावाला. खोल दरीवरचा तो जुना पूल पाहायचा, जेवायचं, गावातून फिरायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं तसंच परत.

"हॉटेलातूनच कोच जातो म्हणे रोंडाला," सुलक्षणाबाई एकदा म्हणाल्या होत्या. "दारात सोडतो, दारात आणतो."

"कोचनं मेंढरं जातात," डॉक्टर म्हणाले. "आपण गाडीनं जाणार. मी नेणार तुला."

शेवटचं वाक्य त्यांनी असं काही म्हटलं, की बाईंनी कोचचं नाव पुन्हा काढलं नाही.

खरी गोष्ट अशी होती, की सुलक्षणाबाईंचा जीव फेब्रुवारीपासून टांगणीला लागला होता. फेब्रुवारीत एका दुपारी डॉक्टर गाडी चालवत होते, आणि घराजवळच्याच राउंडअबाउटला त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला बाई म्हणाल्या, "ते चर्च किती छान दिसतंय ना उन्हात!" डॉक्टरांनी चर्चकडे पाहिलं आणि मुकाट्यानं तिकडे गाडी वळवली. घर त्याच रस्त्यावर होतं. घरी आल्यावर दोघांनीही तो विषय काढला नाही. तेव्हापासून बाईंना ही कला साधली होती. कुणी पाहुणा दारात आला, की त्या आतूनच मोठ्यानं म्हणत, "अगंबाई, गिरीशराव आले का?" म्हणजे डॉक्टरांना नाव मिळे. गॅस त्या बंद करत, चष्मा त्या शोधत, आणि शोधला असं दाखवत नसत.

दुसरा कुणी असता तर बाई म्हणाल्या असत्या, वय झालं, चालायचंच. पण डॉक्टरांनी चोवीस वर्षं हॉस्पिटलात म्हाताऱ्यांचाच वॉर्ड सांभाळला होता. त्या काळी भारतातून आलेल्या डॉक्टरांना हृदयाची, ऑपरेशनची मानाची कामं सहजी मिळत नसत, म्हाताऱ्यांचं काम मिळे. डॉक्टरांनी ते मनापासून केलं. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, मी मघाशी सांगितलेला पत्ता पुन्हा सांगा, असे प्रश्न त्यांनी हजारो म्हाताऱ्यांना विचारले. संध्याकाळी घरी येऊन त्यातल्या गमती बायकोला सांगितल्या. मोकाशींच्या घरात ते प्रश्न बाईंनाही पाठ झाले होते. आणि आता त्या घरात ते कुणी कुणाला विचारत नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी कच्ची वही बायकोपुढं ठेवली.

"हे शेवटचं पान जाड कार्डावर स्वच्छ अक्षरात उतरून दे. माझं अक्षर मलाच लागत नाही."

"ते तर केमिस्टलाही कधी लागलं नाही," बाई म्हणाल्या. डॉक्टर हसले, टोपी घालून केस कापायला गेले.

बाईंचं अक्षर चांगलं होतं, कारण ते उशिरा आलेलं होतं. गावात चौथीपर्यंत मराठी शिकून शाळा सुटली ती सुटली. इंग्रजी अक्षरं त्या बेचाळिसाव्या वर्षी शिकल्या, कौन्सिलच्या संध्याकाळच्या वर्गात, पंजाबी आणि गुजराती बायकांच्या मध्ये बसून. अजूनही त्या ओळीखाली बोट ठेवून वाचत. म्हणून त्यांच्या हातून काही सुटत नसे. भरभर वाचणारा माणूस बारीक टिपा सोडून देतो. बाईंना मोठं काय, बारीक काय, सारखाच वेळ लागे.

त्यांनी कार्डावर लिहायला घेतलं. तोरेमोलिनोस सात चाळीस. मालागा आठ बारा. स्पेलिंग नीट लिहावं म्हणून त्यांनी लाल पुस्तकातलं पान उघडून शेजारी ठेवलं. सकाळच्या गाड्या उतरल्या. मग परतीच्या. रोंडा, संध्याकाळचे पाच पन्नास. त्या आकड्यावर एक इवलासा गोल होता आणि गोलात सहा.

बाईंनी बोट तिथंच ठेवलं. हा गोल इतर गाड्यांना नव्हता. त्यांनी पुस्तकाची पहिली पानं चाळली. तिथं एका चौकटीत गोलातल्या आकड्यांचे अर्थ दिले होते. एक म्हणजे सोमवार, दोन म्हणजे मंगळवार. बाईंनी बोटांवर मोजलं. पाच शुक्रवार, सहा शनिवार. ती गाडी फक्त शनिवारी होती.

पुन्हा मोजलं. तेच आलं. शुक्रवारी रोंडाहून निघणारी शेवटची गाडी दुपारी दोनची होती. त्यानंतर एकदम दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे ह्या कार्डाप्रमाणे गेलं, तर परक्या मुलखात, डोंगरातल्या एका स्टेशनवर दोघंच, भाषा येत नाही, रक्तदाबाच्या गोळ्या हॉटेलात. आणि डॉक्टर तिथं गोंधळले तर? तिथं कुठलं चर्च दाखवायचं?

पण बाईंना त्याहून मोठी धास्ती दुसऱ्याच गोष्टीची होती. हा माणूस तीन आठवडे हेच पान उघडून बसला होता.

आपलंच चुकत असेल, असं वाटून त्यांनी वीणाला फोन लावला. त्यांची लेक वीणा क्रॉयडनला एका ऑफिसात होती; इंग्लंडातच वाढल्यामुळं तिचं मराठी जरा मोडकं होतं.

"आई? काय झाला? तू ऑफिसला कधीच फोन करत नाही."

"काही नाही गं. त्या लाल पुस्तकात गोलात सहा असलं, की कोणता वार?"

"वन इज मंडे असेल तर सॅटर्डे. का? बाबाचं प्लॅन चेक करते?"

"उतरून घेतेय नुसतं."

"आई, मी सांगितली होती, कोचनं जा. बाबा इतका हट्टी का झाला आहे?" मग वीणाचा आवाज खाली आला. "आई, बाबा ठीक आहे ना?"

"ठीकच आहेत. केस कापायला गेलेत."

"तू मला सांगशील ना? काय असेल तर?"

"न सांगायला काय झालं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

कार्ड पुढं पडलं होतं. बाईंनी विचार केला, ह्यात अवघड काय आहे? चर्च दाखवायचं. वर नऊच्या ठिकाणी दहा लिहायचे, शुक्रवारच्या ठिकाणी शनिवार. बाकी काहीच बदलत नाही, सकाळच्या गाड्या रोजच्याच आहेत. डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही, तर दिवस छान पार पडेल. त्यांनी पेन उचललंसुद्धा. मग त्यांच्या मनात आलं, की लक्षात आलं नाही, तर ते आणखीच वाईट. आणि लक्षात आलं तर? दोन्हीकडून भीतीच होती. बाईंनी शनिवार लिहिला, कारण तोंडावर सांगण्यापेक्षा ही भीती थोडी लांबची होती.

डॉक्टर परत आले. मानेवरचे केस झटकत त्यांनी कार्ड हातात घेतलं, खिडकीशी नेलं.

"वा, काय अक्षर आहे. छापल्यासारखं." मग ते थांबले. "शुक्रवारचा शनिवार कुणी केला?"

बाईंना एकीकडे हायसं वाटलं. लक्षात आलं! ह्यांच्या लक्षात आलं!

"मीच केला. अहो, रागावू नका. संध्याकाळची ती गाडी शुक्रवारी नाहीये."

"नाहीये म्हणजे? गोलात सहा आहे. सहावा वार शुक्रवार." ते भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरपाशी गेले. दरवर्षी कुणी ना कुणी ते गावाकडून आणून देई. डॉक्टरांनी आकड्यावर बोट ठेवत मोजलं. "रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र. सहा."

"त्यांचा पहिला वार सोमवार आहे. पुस्तकात पुढं लिहिलंय."

डॉक्टरांनी पुस्तक उघडलं, चौकट वाचली. त्यांचा चेहरा उतरला. ते खुर्चीत बसले.

"अहो, ह्यात काय एवढं," बाई घाईनं म्हणाल्या. "आपण जन्मभर रविवारपासून मोजलं. कुणाचंही चुकलं असतं. गिरीशरावांचं चुकलं असतं, माझं चुकलं असतं."

"तुझं चुकलं नाही."

"मी बोट ठेवून वाचते म्हणून."

डॉक्टर जरा हसले. "खरंय. रविवारपासून मोजलं, एवढंच झालं. ह्याला आजार म्हणत नाहीत." मान वर न करता ते म्हणाले, "तुला सांगितलं नव्हतं मी. हा दिवस म्हणजे मी स्वतःला घातलेला पेपर होता. फेब्रुवारीपासून मला कळतंय. तुझं चर्चही कळलं होतं. ह्या क्षेत्रातलीच माणसं आम्ही, स्वतःला फसवायला सगळ्यात हुशार. म्हणून ठरवलं, अनोळखी देश, जाऊन-येऊन सहा गाड्या, चार बदल, कुणाची मदत नाही. बायकोला नेऊन सुखरूप परत आणता आलं तर पास. नाही जमलं तर वीणाला सांगायचं, गाडीची किल्ली ठेवून द्यायची, आणि पद्माकरकडे जाऊन तपासून घ्यायचं."

पद्माकर एकेकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेला डॉक्टर. आता तोच वॉर्ड तो चालवत होता.

"मग अजून पास-नापास झालंच नाही," बाई म्हणाल्या. "ही साधी चूक आहे. शनिवारी जाऊ, तेव्हा बघू."

"हो," डॉक्टर म्हणाले. "साधी चूक." आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून तपासावा, म्हणून त्यांनी कच्ची वही ओढून पहिलं पान उघडलं.

बाईंनी त्यांना वाचताना पाहिलं. मग त्यांचं वाचणं थांबलेलं पाहिलं. त्या उठून पाठीमागं जाऊन उभ्या राहिल्या. पानाच्या वरच्या बाजूला, डॉक्टरांच्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात, लाल पेनानं लिहिलं होतं: एक म्हणजे सोमवार. रविवारपासून मोजायचं नाही. खाली दोन रेघा मारल्या होत्या.

तारीख एक सप्टेंबरची होती.

बाहेर दूधवाल्याची गाडी घरघरत गेली.

"पहिल्याच दिवशी सापडलं होतं मला," डॉक्टर म्हणाले. आवाज अगदी साधा होता, वॉर्डात नातेवाइकांशी बोलताना असायचा तसा. "सापडलं, लिहिलं, रेघा मारल्या. आणि मग गेलं. लहानपणी मोजलेलं तेवढं राहिलं. जुनं राहतं, नवं जातं. किती लेकासुनांना मी हे समजावून सांगितलं असेल."

बाईंच्या मनात शंभर वाक्यं आली. तीन आठवडे झाले, माणूस विसरतो. पान चिकटलं असेल. मला सांगून ठेवलं असतंत तर. त्यातलं एक तोंडावर आलंही होतं. पण नवऱ्याच्या मानेवर न्हाव्यानं सोडलेले दोनतीन पांढरे केस त्यांना दिसले, ते त्यांनी पदरानं झटकले.

मग त्यांनी हॉलमधून फोन आणला. त्याची वायर टेबलापर्यंत जेमतेम पुरली.

"पद्माकरला तुम्ही करता की मी करू?"

"मी करतो. तो घाबरेल तू केलास तर."

त्यांनी फोन केला. पुढच्या गुरुवारची, सकाळी साडेदहाची वेळ मिळाली. डॉक्टर बोलत असताना बाईंनी ती वेळ कार्डाच्या पाठीवर लिहून घेतली. वीणाला संध्याकाळी दोघांनी मिळून सांगायचं ठरलं. गाडीची किल्ली डॉक्टरांनी खिशातून काढून टेबलावर ठेवली, नकाशावर, आणि बाईंनी ती उचलली नाही.

"रोंडा रद्द करायचं का मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"का म्हणून? मी पूल बघितलेला नाहीये अजून." बाईंनी कोरं कार्ड काढलं. "हे खाडाखोडीचं झालंय. तुम्ही सांगा, मी लिहिते. प्रत्येक गाडी मी पुस्तकात बोट ठेवून बघणार, गोलासकट. तुम्ही चिडायचं नाही."

"चिडतो मी?"

"आजवर चिडत आलात. सांगा. शनिवार, दहा ऑक्टोबर."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "तोरेमोलिनोस, सात चाळीस. मालागा, आठ बारा. मालागाहून आठ पस्तीस. मग गाडी बदलायची ती..." ते थांबले. ओठ हलले. "ते जंक्शन. दोन एल असतात, त्याचा उच्चार य होतो. मीच तुला शिकवलं."

बाईंनी पेन कार्डावर टेकवलेलं होतं. नाव त्यांच्या जिभेवर होतं. एरवी त्यांनी ते कशात तरी गुंडाळून केव्हाच दिलं असतं, आणि दिलं हे कळूही दिलं नसतं. त्या थांबून राहिल्या. पाचसहा श्वास गेले. त्यांना ते फार जड गेलं.

डॉक्टरांनी डोळे उघडले आणि सरळ बायकोकडे पाहिलं.

"नाही येत. तू सांग."

"बोबादिया," बाई म्हणाल्या.

"बोबादिया," डॉक्टर म्हणाले. "लिही."