निळ्या दोराची गाठ

शिडाच्या बोटीमागे बांधलेल्या चिमुकल्या होडीला घड्याळजी ‘शेपटी’ म्हणत. बोट नांगर टाकून उभी राहिली की किनाऱ्यावर जायला-यायला ती शेपटीच कामाची. तिच्यावाचून बोट म्हणजे पाण्यातली अडगळीची खोली, असं काकू म्हणायच्या; आत बसा आणि किनारा नुसता बघा.

घड्याळजींचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, म्हणून सगळा धक्का त्यांना त्याच नावाने हाक मारी, आणि त्यांच्या बायकोला काकू. दोघांची हौस एकच, ही बोट. पूर्वी ती दोघं मिळून शेपटी वर ओढून घेत आणि डोलकाठीपुढे पालथी घालून करकचून बांधत. घड्याळजींचा खांदा धरला तेव्हापासून ते जमेना. मग ती मागून ओढत न्यायचं ठरलं, पण दोन दोरांनी. पांढरा दोर त्यांचा, उजव्या खुंट्याला. निळा काकूंचा, शेपटीच्या कडीतून ओवून परत डाव्या खुंट्याला. एक सुटला तर दुसरा आहेच.

दोघांत एक न बोललेला नेम होता. एकाने मारलेली गाठ दुसऱ्याने ओढून बघायची नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत काकूंनी त्यांची एक गाठ ओढून पाहिली होती, तर स्वारी दोन दिवस गाल फुगवून बसली होती. त्यानंतरच्या बत्तीस वर्षांत कुणी कुणाच्या गाठीला हात लावला नव्हता.

गेल्या वर्षापासून मात्र घड्याळजींच्याच डोक्यातले काटे मागेपुढे होऊ लागले. चष्मा साखरेच्या डब्यात सापडायचा. शेजाऱ्याला ते एकाच जिन्यात दोनदा नाव विचारायचे. हे आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मुलगी म्हणाली, बोट काढून टाका. काकूंनी तिची मनधरणी करून ही एक फेरी पदरात पाडून घेतली होती. मुलीची अट सरळ होती. या खेपेला बाबांच्या हातून काही इकडचं तिकडे झालं, तर पुन्हा समुद्राचं नाव काढायचं नाही. काकू कबूल झाल्या. घरात घड्याळजी परक्याच्या ओसरीवर टेकल्यासारखे बसत. सुकाणूवर हात ठेवला की मात्र आपले, जुने होत. बोट गेली तर हे उरलेलंही जाईल, ही भीती त्या कुणाला बोलून दाखवत नव्हत्या.

सकाळी निघताना काकूंनी आपला निळा दोर बांधला आणि विचारलं, “तुमचा झाला?”

“झाला की. पावती फाडून देऊ?”

काकूंना हसू आलं. किती दिवसांनी असं तिरकं बोलले होते. त्या समाधानाने खाली गेल्या.

दुपारी त्या चहाचे कप घेऊन वर आल्या, तेव्हा घड्याळजी मांडीवर निळा दोर घेऊन त्याची सुबक गुंडाळी करत होते.

“कुणी बांधून ठेवला होता कोण जाणे,” ते म्हणाले. “उगाच पायात येत होता.”

काकूंनी उजव्या खुंट्याकडे पाहिलं. तो रिकामा होता. पांढऱ्या दोराचे सकाळी नुसते वेढे पडले होते, गाठ बसलीच नव्हती. सगळा भार एकट्या निळ्यावर आला होता, आणि तोही सोडून, कडीतून ओढून घेतलेला, आता त्यांच्या मांडीवर होता. मागे नजर पोचेल तिथवर पाणी.

बोट वळवून तासभर शोधलं. लांबवर पांढरं काही हललं की काकूंच्या जिवात जीव येई, आणि तो फेस निघे. घड्याळजीही कपाळावर आडवा हात धरून मन लावून बघत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, “अगं, पण आपण शोधतोय काय?”

काकूंनी काही नाही म्हणून सांगितलं आणि बोट पुन्हा वाटेला लावली.

ठरल्या ठिकाणी नांगर टाकला तेव्हा ऊन उतरलं होतं. शंभर पावलांवर वाळूत मुलगी उभी होती. शेपटी नाही हे तिने तिथूनच पाहिलं असावं, कारण ती धक्क्यावरच्या राखणदाराला बोलावून त्याच्या होडीत बसली. होडी जवळ येईपर्यंत काकूंनी मनातल्या मनात देवाची आगाऊ माफी मागून घेतली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“माझी गाठ सैल राहिली,” मुलीने विचारायच्या आत त्या म्हणाल्या. “चूक माझी.”

मुलगी बोटीवर चढली. तिने आधी बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. तिचा आवाज मऊ झाला. “तुझीच ना? मग असू दे. होडी काय, दुसरी मिळेल.”

काकूंनी श्वास सोडला. एवढ्यात घड्याळजींनी निळी गुंडाळी उचलली. दोराच्या टोकाला काकूंची तीच गाठ बसून बसून पक्का वाक पडला होता. जुन्या घड्याळाचं चाक चाचपावं तसं त्या वाकावरून त्यांनी अंगठा फिरवला.

“हिची गाठ सुटत नाही,” ते मुलीला म्हणाले. “कधीच सुटलेली नाही. माझ्याच हातून गेली असणार.” थोडं थांबून ते म्हणाले, “बोट देऊन टाक, बाळा. हिला आता माझ्याबरोबर पाठवू नकोस.”

मुलगी तोंड फिरवून पाण्याकडे बघत राहिली.

उतरण्याआधी घड्याळजींनी शीड गुंडाळलं. सावकाश, एकही घडी न चुकता. त्यावर दोर आवळून गाठ मारली आणि ते बाजूला सरकले.

“जरा ओढून बघ,” ते काकूंना म्हणाले.

काकू पुढे झाल्या. गाठ घट्ट होती. त्यांनी अगदी हलक्या हाताने ती नुसती ओढल्यासारखं केलं.