परत न आलेल्या बाटल्या

आमच्या खोऱ्यात एक रीत आहे. कुणी घरची बिअर दिली, तर पिऊन झाल्यावर बाटली विसळायची आणि देणाऱ्याच्या मागच्या पायरीवर नेऊन ठेवायची. हाक मारायची नाही. पिशवीत सोबत काहीतरी घालायचं, चार लिंबं, अंडी, मूठभर वाटाणे. आभार वगैरे कुणी मानत नाही. बाटली परत आली की ती आवडली, एवढं कळतं आणि तेवढं पुरतं.

गेल्या वर्षी आल्फच्या बाटल्या परत आल्या नाहीत.

आल्फ म्हणजे माझा नवरा. आधी तो म्हणाला, लोक कामात असतील. मग म्हणाला, थंडीत बिअर कोण पितं. पण थंडी संपली, सफरचंदाला फुलं आली, तरी मागची पायरी रिकामीच. मी रोज सकाळी झाडायला जायची तेव्हा तो खिडकीतून बघायचा आणि मी आत आले की पेपरात डोकं घालायचा.

मग एक दिवस तो शिडी परत करायला मर्व्हकडे गेला. मर्व्ह त्याचा शाळेपासूनचा दोस्त, तीन घरं पलीकडे राहतो. त्याच्या शेडमध्ये कामाच्या उंच बाकाखाली आमच्या तपकिरी बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. भरलेल्या. वर धूळ. आल्फनं शिडी टेकवली आणि घरी आला. आमच्याकडची शिल्लक बाटली त्यानं उघडली. आवाज झाला नाही. ना फुस्स, ना फेस. ग्लासात ओतली तर सकाळच्या उरलेल्या चहासारखी दिसत होती.

त्याला आधी कळलं नाही, कारण तो स्वतः पीत नाही. गोळ्या सुरू झाल्यापासून डॉक्टरांनी बंद केलंय; नाताळात घोटभर घेतो तेवढंच. मला तर बिअर कधीच आवडली नाही. म्हणजे आमच्या घरात जी बिअर होते ती सगळी दुसऱ्यांना द्यायलाच.

दोष बिअरचा नव्हता, बुचांचा होता. आल्फचं बूच दाबायचं यंत्र जुनं, दोन दांड्यांचं. बाटलीच्या तोंडावर पत्र्याचं बूच ठेवायचं, दोन्ही दांड्या धरून दोन्ही हातांनी सारख्याच जोरानं खाली दाबायच्या. त्याची उजव्या हाताची बोटं आता मुळांसारखी वाकलीत. डावा हात दाबतो, उजवा नुसता सोबत जातो. बूच एका अंगाला उचललेलं राहतं. बघून कळत नाही. बाटलीत तयार झालेला वायू हळूहळू निघून जातो आणि राहतं ते कडू पाणी.

तरीही यंदा मार्च आला, कुंपणावरचा हॉपचा वेल, ज्याच्या फुलांनी बिअरला कडूपणा येतो, तो लवला आणि आल्फनं नेहमीसारखी बिअर लावली. सवयीनं लावली असावी. धुण्याच्या खोलीत पिंप बुडबुडत राहिलं. बुडबुडे थांबले, तेव्हा तो पिंपापुढे उभा राहून म्हणाला, "ओतून टाकू या."

"का?"

"बाटल्यांत भरायची कशासाठी? मर्व्हच्या बाकाखाली ठेवायला?"

"बुचं मी दाबते."

"मग ती तुझी बिअर झाली."

"माझी तर माझी."

"तुला तर आवडतही नाही, नोरीन."

ज्यानं बूच लावलं त्याची बिअर, हे त्याचे वडीलही म्हणायचे. मी स्टुलावर बसले. माझ्या मनात आलं, ओतू दे. लग्न झाल्यापासून मी बाटल्या धुते आहे. आधी धुण्याच्या तांब्याच्या हंड्यात, खाली लाकडं घालून. मग नळाला गरम पाणी आलं तेव्हा टबात. तळाचा चिकट गाळ, लांब दांड्याचा ब्रश, सुरकुतलेली बोटं. बिअर आल्फची, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक. धुणं कुणाचं, हे कुणी कधी विचारलं नाही.

पण आल्फ पिंपापुढे ज्या तऱ्हेनं उभा होता, ते मला बघवेना. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते हॉपची फुलं वाळवायच्या भट्टीत. आम्ही पोरी आयांबरोबर वेलाची फुलं खुडायला जायचो, हात काळे व्हायचे आणि कडू वास आठवडाभर भाकरीलाही लागायचा. तो वर जाळीवर हॉप पसरत होता, अंगावर पिवळी धूळ, आणि खाली बघून ओरडला होता, "ए, टोपलीत पानं फार आहेत!" माझ्याच टोपलीला. आता हाच माणूस परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा, हात कुठे ठेवावेत हे न सुचून उभा होता. आज ही ओतून दिली तर पुन्हा लावायचा नाही, आणि मग दिवसभर काय करायचा?

"कोट घाल," मी म्हटलं. "शहरात जाऊ, होबार्टला."

गाडी मीच चालवते. नदीच्या काठानं जाताना तो एकच वाक्य बोलला, "मी म्हातारा झालो, हे दुकानात दाखवायला नेतेस मला."

घरी बिअर करायच्या सामानाचं दुकान डेब नावाच्या बाईचं. दंडावर गोंदलेला मासा, आवाज मोठा, मन चांगलं. मी तिला बोटांबद्दल सांगितलं नाही. तिनंच एकदा त्याच्या हातांकडे पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही.

"आता सगळे हे नेतात," म्हणत तिनं प्लास्टिकच्या बाटल्या पुढे केल्या. "फिरकीचं झाकण. यंत्रच नको. फुटायची भीती नाही, हलक्या."

आल्फनं एक उचलली आणि झाकण फिरवलं. फिरलं. "घट्ट," डेब म्हणाली, "अजून थोडं, नाहीतर गळतं." त्यानं पुन्हा धरलं. बोटं घसरली. कोटाच्या बाहीत धरून फिरवलं, तरी घसरली. मी शेजारच्या फळीवरच्या साखरेच्या पिशव्या वाचत राहिले. घरात लोणच्याची बाटली कोण उघडतं, हे मला माहीत होतं.

"बिअर दुधाच्या बाटलीत भरल्यासारखी दिसते," तो म्हणाला आणि खाली ठेवली.

मग डेबनं स्टीलचं पिंप दाखवलं. वायूची टाकी, नळी, नळ. सगळी बिअर एकदाच त्यात ओतायची, फ्रिजमध्ये ठेवायची, हवी तेव्हा नळ सोडायचा. बाटल्या नाहीत, बुचं नाहीत. "धुवायचंसुद्धा एकच भांडं," डेब मला म्हणाली.

एकच भांडं. मी त्या पिंपावर हात ठेवला. थंड, गुळगुळीत. तिथंच स्टूल मिळालं असतं तर टेकून बसले असते.

"घेऊ या हे," आल्फ म्हणाला. "सुटशील तू."

तो मनापासून म्हणाला, म्हणूनच मला राग आला.

"आणि मर्व्हला काय देशील? नळ?"

"येईल की घरी प्यायला."

"मर्व्ह दिवे लागले की झोपतो. शेजारची जोन तर अंधार पडल्यावर घराबाहेर पडत नाही. पायरीवर काय येणार तुझ्या, पेले?"

डेब म्हणाली, "मग काका, हे बघा." तिनं काउंटरवर एक उभं यंत्र ठेवलं. जड बूड, खांब, आणि बाजूला एकच लांब दांडा. बाटली खाली ठेवायची, बूच वर लोहचुंबकाला चिकटतं, दांडा एका हातानं ओढायचा. कुठल्याही हातानं.

आल्फनं डाव्या हातानं ओढला. टक्. बाटली उचलून त्यानं बुचाच्या कडेवरून अंगठा फिरवला, पुरता गोल. परत फिरवला.

"अजून एक बाटली दे."

टक्.

"अजून एक."

"काका, ती बुचं विकायची आहेत," डेब हसली.

घरी येईपर्यंत तो ते खोकं मांडीवर धरून होता. तसाच शेडमध्ये गेला आणि यंत्र आपल्या कामाच्या बाकावर ठेवलं. मी बाटल्या भिजत घालत होते. बराच वेळ आवाज आला नाही, म्हणून हात पुसत गेले. तो बाकापाशी बसला होता. इथल्या पुरुषांची बाकं त्यांच्या उंचीनं बांधलेली असतात, आणि आल्फनं आपलं बाक तिशीत बांधलं. त्यानंतर तो आखडला, बाक आखडलं नाही. डेबचं काउंटर खाली होतं. इथे दांड्याचं टोक त्याच्या डोक्याच्या वर जात होतं आणि खांदा तेवढा उचलत नव्हता.

"परत करून ये," तो म्हणाला. "आणि ओतून टाक ती बिअर."

मी खूप थकले होते. भांडायलाही त्राण नव्हतं. मी ते यंत्र उचललं, जड होतं, आणि धुण्याच्या खोलीत नेऊन टबाशेजारच्या माझ्या ठेंगण्या फळीवर ठेवलं. तिथे माझ्या टोपल्या असतात, साबण असतो, मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या असतात. ते सगळं खाली जमिनीवर काढलं.

"इथे बसून ओढ."

तो आला. स्टुलावर बसला, दांडा ओढून पाहिला. मग उठून गेला आणि गिरमिट घेऊन आला. माझ्या फळीला त्यानं चार भोकं पाडली आणि यंत्र पक्कं आवळलं. विचारलंसुद्धा नाही.

त्या दुपारी आम्ही बाटल्या भरल्या. मी धुऊन देत होते, फेस यावा म्हणून चमचाभर साखर घालत होते, नळी लावून भरत होते. तो बूच ठेवून दांडा ओढत होता. प्रत्येक बाटलीवर अंगठा. माझी कंबर धरली होती.

बिअर तयार झाल्यावर एकही बाटली त्यानं उघडून पाहिली नाही. मर्व्हलाच फाटकापाशी बोलावून भरलेल्या बाटल्यांची पिशवी हातात दिली.

"गेल्या वर्षीची कशी होती?"

"छान होती."

"खोटारडा."

मर्व्हनं टोपी काढून डोकं खाजवलं. "तुला कसं सांगणार गड्या? जन्मभर तुझी बिअर पितोय. यंदा फेस आहे, की मीच फुंकर घालू?"

"पिऊन बघ आणि गप्प बस."

मग पुन्हा पायरी. मी झाडायला जायची, तो खिडकीत. थंडी पडली, फळीवरच्या जागेअभावी माझ्या टोपल्या अजून जमिनीवरच होत्या आणि रोज मला वाकावं लागत होतं. एका सकाळी दार उघडलं तर पायरीवर गोणपाटाची पिशवी. बाटल्या, आणि वर मोठमोठी लिंबं. दुसऱ्या अंगाला जोनची पिशवी, अंडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

आल्फ मोजे घातलेल्या पायांनीच बाहेर आला. मर्व्हची एक बाटली उचलून उजेडाकडे धरली. आत तळाशी गाळ वाळून बसला होता, फेसाचे पांढरे पट्टे मानेपर्यंत.

"विसळल्या नाहीत म्हाताऱ्यानं," तो म्हणाला. आवाजात केवढा आनंद!

"दिसतंय मला," मी म्हटलं.

तो लिंबं घेऊन आत गेला. मी बाटल्या टबात घातल्या आणि नळ सोडला. गरम पाणी यायला आमच्याकडे वेळ लागतो. मी थांबले नाही, तसाच हात घातला.