पाच नंबरचा पाठ

काकासाहेबांनी दुधाच्या कॅनला टेकवून मोबाईल उभा केला, आवाज पार वर चढवला आणि पिकअपच्या फाळक्याभोवती जमलेल्या पोरांना दटावून खाली बसवलं. करोनाने शाळेला कुलूप लावल्यापासून हे त्यांचंच काम. पठारावरच्या तिन्ही वाड्यांत रेंजचा पत्ता नाही. म्हणून सीमा मॅडम राजूरच्या डेअरीवर रोज त्यांच्या मोबाईलमध्ये पाठ भरून देत आणि काकासाहेब दूध गोळा करता करता ते वाडीवाडीत दाखवत. पोरांच्या वह्यांचे फोटो काढून खाली नेणंही त्यांच्याकडेच. पन्नाशीत मास्तरकी चालून आलेली, गडी नुसता हवेत होता. मोबाईलला कुणाला बोट लावू देत नव्हता.

एकच भानगड होती. काकासाहेबांना वाचता येत नव्हतं. आकडे चोख; कुणाच्या म्हशीचं दूध किती, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. पण अक्षर म्हटलं की डोळ्यांपुढे नुसत्या मुंग्या. सही तेवढी जमायची, तीही रांगोळी काढल्यासारखी. बायको सोडली तर हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सोमवारी मॅडमनी मोबाईलमध्ये चार इयत्तांचे चार कप्पे करून दिले, प्रत्येकावर इयत्तेचं नाव घालून. काकासाहेब सरळ धरून चालले, वरचा तो पहिलीचा आणि तळाचा तो चौथीचा. मोबाईलने मात्र अक्षरांच्या क्रमाने चौथीला वर बसवलं होतं. दोन दिवस पहिलीची चिल्लीपिल्ली किल्ल्यांची माहिती ऐकत जांभया देत राहिली आणि चौथीतली निकिता तिच्या मैत्रिणींबरोबर चिमणीचं गाणं म्हणत मजेत डुलत राहिली. आयती आलेली सुट्टी कोण सोडतं? चौथीतल्या एकीनेही चकार शब्द काढला नाही.

बुधवारी मॅडमनी डेअरीवर काकासाहेबांना थांबवून घेतलं. निकिताच्या वहीचा फोटो दाखवला. भागाकाराच्या जागी पाच बदकं काढली होती, वरून रंगवलेलीही. मग मॅडमनी चारही कप्पे दिसतील असा मोबाईल त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, यातला पहिलीचा कोणता?

बिंग फुटलं, की ही मोबाईलची शाळा डेअरीच्या काट्यावर बसणाऱ्या रविराजकडे जाणार. तो बारावी झालेला. गावात हसं होईल ते होईल, पण उद्या वाडीत नुसते रिकामे कॅन घेऊन जायचं, या विचारानेच काकासाहेबांना भडभडून आलं. त्यांनी मोबाईल हातात घेतला, सदऱ्याला पुसला, पाहिला, पुन्हा पुसला.

"काच लई खराब झालीय," ते म्हणाले.

मॅडमनी काचेकडे पाहिलं; ती लख्ख होती.

"चूक माझी आहे, काका," त्या म्हणाल्या. "उद्यापासून मी नुसते आकडे टाकते."

दुसऱ्या दिवशी कप्प्यांवर आकडे आले आणि सगळं सुतासारखं सरळ झालं. भागाकार पाहून निकिताचं तोंड एवढंसं झालं. शेवटच्या वाडीतली पोरं पांगली, कॅन चढवून झाले, तेव्हा काकासाहेबांचं लक्ष गेलं. चारच्या खाली पाच होता. शाळा तर चौथीपर्यंतच. मॅडमच्या हातून चुकून पडला असेल, म्हणून त्यांनी तो उघडून पाहिला.

फळ्यापाशी मॅडम उभ्या होत्या.

"हा क," त्या म्हणाल्या. "कॅनचा क. काकांचा क." खडूने त्यांनी तो सावकाश काढला, पुसला, पुन्हा काढला. "घाई नाही. रोज एकच अक्षर."

काकासाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. एक म्हैस सोडली तर कुणी नव्हतं. आधी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग हळूहळू बरं वाटलं, आणि इतकं बरं वाटलं की डोळ्यांना उपरणं लावावं लागलं. पाठ त्यांनी चार वेळा पाहिला. बॉनेटवरच्या धुळीत बोटाने अक्षर काढून पाहिलं. पहिले दोन लंगडे निघाले, तिसरा बरा उभा राहिला.

डेअरीवर पोचायला पाऊण तास उशीर झाला. दूध घालायला आलेले चारपाच जण उभेच होते. त्यांच्यादेखत रविराज करवादला, एवढा वेळ तुम्ही होता कुठे?

काकासाहेबांनी आधी कॅन खाली उतरवला.

"शाळंत हुतो," ते म्हणाले. "आज माझा पयला दिवस हाय."