खिळ्यावरचा हातभर दोर

अहो, इकडे! दारामागच्या खिळ्याकडे बघा. मी दोर बोलतोय. आता हातभरच उरलोय, पण झाडं तुकड्यातुकड्यांनी कापून खाली उतरवण्याच्या कामात एके काळी माझा केवढा रुबाब होता!

जन्म कारखान्यातला. आत नायलॉनच्या पांढऱ्या धाग्यांचा गाभा, अंगावर निळा-पिवळा विणलेला पोशाख. दुकानातून थेट वहिनी, दादा आणि भावजींच्या घरी आलो. दादा करवत घेऊन झाडावर चढायचे, मला वरच्या फांदीवरून ओवून कापायचा तुकडा माझ्या एका टोकाला बांधायचे. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे भावजी, खाली माझं दुसरं टोक सांभाळायचे. दादांच्या बायकोला ते वहिनी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. आणि वहिनींचा धाक आम्हा तिघांनाही होता.

आधी वहिनी झाडाभोवती फिरायच्या. कुठली फांदी पोकळ, तुकडा केवढा कापायचा, कुठे उतरवायचा, गडबड झाली तर पळायचं कुठे, सगळं ठरायचं. मगच दादांचा पाय वर. मला तर रोज सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपायच्या. अशा गुदगुल्या व्हायच्या म्हणून सांगू!

"वहिनी, दोर आहे तो, तान्हं बाळ नाही," भावजी चिडवायचे.

"ओंडका तुमच्या डोक्यावर लटकतो, भावजी. माझ्या नाही."

एकदा काय झालं, वरून भलामोठा ओंडका सुटला. अशा वेळी दोर हळूहळू सरकू द्यायचा, म्हणजे झटका विरतो. पण भावजींना आली ताकद दाखवायची हुक्की! त्यांनी मला गच्च आवळलं. असा हिसका बसला की पोटात कळ गेली. बाहेरून मात्र ओरखडाही नाही. मीही मिरवत गाडीत जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशीचं झाड दोन घरांच्या मधोमध होतं. जागा इतकी अडचणीची, की भावजींना खोडाला चिकटूनच उभं राहावं लागणार होतं. सकाळी मला चाचपताना वहिनींचं बोट थांबलं.

"अहो, इथे मऊ लागतंय."

"अगं, चांगला टणटणीत आहे. आजचा दिवस काढू," दादा म्हणाले. "नवा आणायचा तर दुपार होईल."

"होऊ दे की!"

"वहिनी, तुम्ही पण ना..." भावजी हसले.

आपली पाठ वळली की हे दोघं मलाच वापरणार, हे वहिनी पुरतं ओळखून होत्या. त्यांनी सुरी काढली आणि मला कापून टाकलं. माझा असा संताप झाला! एवढं राबलो त्याचं हे बक्षीस? मग सगळ्यांनी माझ्या आत बघितलं. कालच्या हिसक्याने गाभ्यातले निम्मे धागे तुटून, घासून वितळले होते. माझं मलाच माहीत नव्हतं हो.

दुपारी नवा दोर आला. मी गाडीत पडून जळफळत होतो. दादांनी शेंडा कापला. तो अंदाजापेक्षा जड निघाला, गर्रकन फिरला आणि थेट भावजींच्या डोक्यावर येऊन लोंबकळू लागला. नवा दोर ताठ झाला, पण टिकला. भावजींनी तो जपून सरकवत शेंडा जमिनीवर टेकवला आणि तिथेच बसकण मारली.

"वहिनी, चहा आहे का हो?" त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

त्या नव्या दोराच्या जागी मी असतो तर? माझा सगळा राग पळाला. वहिनींनी कापलं म्हणून मी सुटलो, नाहीतर भावजींचं रक्त माझ्या अंगाला लागलं असतं.

मऊ जागेचा हा तुकडा भावजींनीच इथे टांगला. आता कामावर निघताना ते रोज मला चाचपतात. नवा माणूस आला की त्याला डोळे मिटून मऊ जागा शोधायला लावतात. दिवसभर गुदगुल्या! पण म्हातारपण झकास चाललंय माझं.

या, तुम्हीही बोट लावा. सापडली? मग आता जा आणि तुमचा दोर बघा. त्याच्याखाली तुमचेही कुणी भावजी उभे असतील.