कबरीपाशी विनोद सांगणारा बाहुला

मी एक जुना बोलका बाहुला आहे. ‘बोलका’ हे विशेषण आता केवळ सौजन्यापोटी टिकून आहे, कारण माझा आवाज ज्यांच्या गळ्यात होता ते हरिदास ओहोळ मागच्या हिवाळ्यात वारले.

मित्रांनो, माझे डोके पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे आहे. दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावर हरिदासांनी ते कोरले आणि माझे नाव दाजी ठेवले. दिवसा ते एका मंत्रालयात कारकून होते. ओठ न हलवता बोलण्याची कला ते नगरला, चर्चच्या रविवारच्या शाळेत, एका वृद्ध पाळकांकडून शिकले होते.

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी त्यांच्या मांडीवर बसून विचारी, “साहेब, तुमची फाइल झोपलीय. उठवू, की पांघरूण घालू?” मांडव खदखदून हसे. ज्यांच्या टेबलावर फायली झोपलेल्या असत, ते सर्वांत मोठ्याने हसत. मग कोणीतरी हरिदासांच्या पाठीवर थाप मारून म्हणे, “ओहोळ, ख्रिश्चन असून तुमचं मराठी किती शुद्ध हो!” हरिदास आभार मानत. मला उत्तर सुचलेले असे. परंतु गळा त्यांचा होता आणि अशा वेळी ते तो वापरत नसत.

दरवर्षी नोव्हेंबरात सर्व आत्म्यांचा दिवस येई. त्या सकाळी ख्रिस्ती कुटुंबे आपल्या मृतांच्या कबरींवर फुले आणि मेणबत्त्या नेतात. हरिदास मला नेत. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे पास्कल, सर्कशीतले विदूषक सॅम्युएल: दिल्लीत येऊन मेलेल्या, मागे कोणी नसलेल्या अशा कलावंतांच्या कबरींपाशी ते उकिडवे बसत आणि माझ्या तोंडून प्रत्येकाला एक नवा विनोद सांगत. “जन्मभर यांनी दुसऱ्यांना हसवलं, दाजी,” ते म्हणत, “आता यांची पाळी.”

पुढे केबल टीव्ही आला आणि मंडळाला माझी गरज उरली नाही. निवृत्तीनंतर हरिदास गाझियाबादच्या एका नव्या इमारतीत राहायला गेले. तिथे मी कपाटावर बसलो, आणि नोव्हेंबरातली ती एक सकाळ सोडली तर तिथेच बसून राहिलो.

ते गेल्यावर मात्र मंडळाला त्यांचा अतोनात पुळका आला. सचिव जयंतराव फ्लॅटवर आले.

“वहिनी, बिल्कुल भव्य स्मृतिसंध्या करू. नोएडात नवा हॉल आहे, एसी!”

हरिदासांच्या पत्नी विनयाबाई म्हणाल्या, “तिथं एक सांगाल? नोव्हेंबरात हे कबरस्तानात जायचे. या वर्षी ते स्वतःच तिथं आहेत. चार माणसं आली तर यांनाही कोणी एक विनोद सांगेल. मला दुसरं काही नको.”

“अहो, तो विषय कशाला? आम्ही त्यांना कधी वेगळं मानलंच नाही.”

वेगळे न मानण्याची ही पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. माणसातले जे आपल्यासारखे नाही ते आधी पुसून काढायचे आणि मग उरलेल्याला मिठी मारायची.

हॉलमध्ये हरिदासांच्या तसबिरीला कुंकू लावले होते. वर फलक होता: ‘कैलासवासी हरिदास ओहोळ’. जन्मभर प्रभूच्या घरी जाण्याची आशा धरलेल्या माणसाला मंडळाने परस्पर कैलासावर रवाना केले होते. भाषणे झाली. नगरच्या पाळकांचे नाव कोणी घेतले नाही, कबरस्तानाचेही नाही. शेवटी हरिदासांची मुलगी क्षिप्रा मला घेऊन मंचावर गेली.

“अरे वा, दाजी बोलणार!” कोणी ओरडले.

तिने दोरी ओढली. माझा जबडा हलला. तिचे ओठही हलत होते.

“माझे मालक ख्रिश्चन होते,” मी तिच्या बारीक आवाजात म्हणालो. “कबरस्तानात एकटे पडलेत. सर्व आत्म्यांच्या दिवशी सकाळी या ना, प्लीज.”

सारा हॉल हसला.

“क्या बात है! बापाची लेक!”

“नाही काका, मी सीरियसली सांगतेय—”

हशा दुप्पट झाला. पहिल्या रांगेत विनयाबाई मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांचा निरोप पोहोचला होता, पण माझ्या तोंडून. आणि माझ्या तोंडचे काहीही खरे न मानण्याची सवय या लोकांना आम्हीच लावली होती.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी कबरस्तानात मंडळाचे कोणी आले नाही. मायलेकी आल्या. मेणबत्ती लावून क्षिप्रा मला घेऊन उकिडवी बसली.

“आई, एकही जोक आठवत नाहीये, यार.”

“कुठलाही सांग. त्यांना कुठलाही चालायचा.”

क्षिप्राने दोरी ओढली. माझे तोंड उघडले आणि उघडेच राहिले. बऱ्याच वेळाने विनयाबाईंनी हात पुढे करून ते मिटले.

मित्रांनो, शाळेच्या निबंधात या ठिकाणी माझ्यासारख्या वस्तूंनी आपली निगा राखण्याची विनंती करायची असते. मी ती करणार नाही. मी लाकूड आहे, वाळवीच्या तरी उपयोगी पडेन. पण ज्यांनी तुम्हाला हसवले त्यांना त्यांच्या प्रार्थनेसकट आठवा. त्यांच्या घरचे बोलावतील, तेव्हा हसू नका, जा. पुढच्या नोव्हेंबरात कोणीतरी या. विनोद वाईट असला तरी चालेल.