मोहाला मारलेला पांढरा पट्टा

दोन हजार तीन साली, मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, डोळखांबच्या रानात डोंगर वाचवणारे यायला लागले. दर रविवारी जीप, टोप्या, गळ्यात शिट्ट्या. बाईजाला त्यांचा एक शब्द पटत नव्हता. फुकट कोण कुणाचा डोंगर वाचवतो?

एका रविवारी ती फुलं वेचायला गेली, तर तिच्या तिन्ही मोहांना पांढरे पट्टे. पाड्यात कुठला मोह कुठल्या घराचा, हे आज्यापणज्यापासून ठरलेलं. दुसऱ्याच्या मोहाखालचं फूल पोरसुद्धा उचलत नाही. आणि हे न विचारता रंग फासून मोकळे! रंगाची बादली धरून उभा कोण, तर तिचा सख्खा भाचा धनेश.

"कोणी सांगितलं रे तुला?"

"आते, वाचवायचीच झाडं हायेत ही. वणवा अडवायला उद्या मधली झाडं तोडून जाळरेषा मोकळी करणार, मजूर सांगितलेत. पट्टा दिसला का झाड ठेवायचं."

"मागं ठेकेदाराचा माणूस पण असाच पट्टे मारून गेला. मंग खुंटच उरले."

"तो चोर होता गो."

"आन् ह्यो तुझा जीपवाला साव? त्या चोराची पण जीपच होती."

त्यांचा पुढारी शेखर, ठाण्याचा, लांबून हसून हात हलवत होता. हसणाऱ्याचा बाईजाला जास्तच संशय.

जीप गेली तशी तिनं कोयत्यानं तिन्ही पट्टे सालीसकट खरवडून काढले.

सकाळी कुऱ्हाडींचा आवाज आला. धापा टाकत पोचली, तोवर एक मोह आडवा झालेला. फुलं मातीत तुडवलेली.

मजुरांचा मुकादम म्हणाला, "पट्टा नाय, तर तोडायचं. आमाला तेवढंच सांगितलंय."

मागून धनेश पळत आला. "काय केलंस गो, आते!"

"मी केलं? माझ्या मोहाचं माझ्या पाठीमागं ठरवलं कोणी?"

रान वाचवायला मुंबईकडून इतका डोंगर चढून येतात, पण पाड्यातल्या एका दारात उभं राहून दोन शब्द विचारायला ह्यांचे पाय दुखतात.

"थांब, रंग आणतो," धनेश म्हणाला.

"रंग नको. त्या शेखरला आण. माझ्यासमोर, मला इचारून मारू दे." बाईजा उरलेल्या दोन मोहांच्या मधे कोयता मांडीवर घेऊन बसली. मुकादमानं मजुरांना हातानंच थांबवलं.

"त्याचं हापिस असतं, आते. रविवारी येल तो."

"मंग रविवारपत्तुर मी हितंच. घरून भाकर आण. दोघांची आण, तुला पण बसायचंय."